तुरुंगाधिकाऱ्याचा पगार: कोणत्या शहरात किती उरतो?

माझे एक स्नेही कारागृह खात्यात तुरुंगाधिकारी आहेत. अमरावतीहून त्यांची मुंबईला बदली झाली, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्याकडे जेवायला जाण्याचा योग आला. घर बदलापूरला, तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीचे. जेवणे आटोपल्यावर त्यांनी दोन वेतनपावत्या माझ्यासमोर ठेवल्या, एक अमरावतीची आणि एक मुंबईची. मुंबईच्या पावतीवरचा आकडा मोठा होता. वहिनी ताटे उचलता उचलता म्हणाल्या, "भाऊजी, पगार वाढला असे कागद सांगतो. मग तिकडे महिनाअखेर आर.डी.त पैसे पडायचे, ते इकडे का पडत नाहीत?"

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलो आणि ते एका घरापुरते नाही हे लक्षात आले. राज्यातली नऊ मध्यवर्ती कारागृहे येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिकरोड, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावती इथे आहेत. त्याखेरीज जिल्हा कारागृहे, खुली कारागृहे, महिलांची कारागृहे आहेत. शिपाई, हवालदार, सुभेदार ही फळी आणि वर अधीक्षक, यांच्यामध्ये उभा असतो तो तुरुंगाधिकारी. आपण त्याला जेलर म्हणतो. बराकी उघडण्या-मिटण्याची वेळ, बंद्यांची गिनती, मुलाखती, न्यायालयात जाणाऱ्यांची यादी, आजाऱ्यांची नोंद, कैद्यांमधली भांडणे, हे सारे त्याच्या सहीने चालते. काम सगळीकडे एकच, वेतनश्रेणीही एकच. त्या पगारात चालणारे घर मात्र शहरागणिक वेगळे असते. हा फरक किती, तो भरून काढण्याची व्यवस्था कशी आहे, इतर देशांनी काय केले आणि आपल्याला काय करता येईल, याचा हा आढावा.

पगारपत्रकात शहर कुठे असते?

वेतनपावतीवर डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला कपाती असतात. जमेच्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता आणि गणवेशाशी निगडित लहानसहान भत्ते. कपातींत निवृत्तिवेतनाची वर्गणी, गट विमा, व्यवसाय कर आणि लागू असेल तर आयकर. यातले मूळ वेतन पदावर आणि सेवेच्या वर्षांवर ठरते, शहरावर नाही. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ठरावीक टक्के असतो आणि तो मुंबईत व गडचिरोलीत सारखाच मिळतो. दरमहा २०० रुपयांचा व्यवसाय करही सगळीकडे सारखाच कापला जातो. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची निवृत्तिवेतनाच्या अंशदानाची कपात मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के असते, तीही शहर पाहत नाही.

मग शहराची खरी दखल घेते कोण? मुख्यतः एकच ओळ, घरभाडे भत्ता. राहण्याखाण्याच्या खर्चातली सगळी तफावत या एका ओळीने भरून काढावी, अशी आपली व्यवस्था आहे. म्हणून ही ओळ कशी ठरते ते नीट पाहायला हवे.

माणसे मोजणारे सूत्र

घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत: एक्स, वाय आणि झेड. ५० लाखांवर लोकसंख्या असेल तर एक्स, ५ ते ५० लाख असेल तर वाय आणि त्याखाली झेड. सातव्या वेतन आयोगाने मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर सुचवले. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला की ते २७, १८, ९ आणि ५० टक्क्यांवर गेला की ३०, २०, १० होतात. केंद्राचा महागाई भत्ता १ जानेवारी २०२४ पासून ५० टक्के झाला. राज्य सरकार याच चौकटीने चालते.

या सूत्रात कुठेही भाडे मोजलेले नाही. मोजली आहेत ती माणसे, आणि तीही २०११ च्या जनगणनेतली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे आजचा भत्ता दीड दशकापूर्वीच्या शहरावर बेतलेला आहे.

आकडे शेजारी शेजारी ठेवले की सूत्राचा कमकुवतपणा कळतो. २०११ मध्ये बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाखांच्या आसपास होती आणि पुणे नागरी समूहाची साधारण ५० लाख ५८ हजार. पुण्याने ५० लाखांची रेघ जेमतेम ओलांडली म्हणून १ एप्रिल २०१५ पासून ते केंद्राच्या यादीत वायमधून एक्समध्ये आले. साठेक हजार माणसे कमी भरली असती, तर येरवड्याच्या अधिकाऱ्याला अमरावतीच्या दराने भाडे मिळाले असते. पुण्यातले भाडे मात्र त्या साठ हजारांसाठी थांबले नसते. दुसरीकडे २४ लाखांचे नागपूर आणि साडेसहा लाखांचे अमरावती एकाच वाय वर्गात आहेत, आणि मालेगाव, नांदेड, सांगलीही त्यातच. झेड वर्गात चंद्रपूरसारखे औद्योगिक शहर आहे आणि मोर्शीच्या खुल्या कारागृहाचा परिसरही. पर्यटनामुळे जागांचे भाव चढलेले अलिबागही झेडमध्येच येते. तिथले जिल्हा कारागृह कान्होजी आंग्र्यांनी बांधलेल्या हिराकोटात आहे.

मुंबईच्या आतही हेच घडते. नागरी समूहात ठाणे, कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर सारे येते. त्यामुळे आर्थर रोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या अधिकाऱ्याचा भत्ता आणि कल्याणच्या आधारवाडी कारागृहातल्या अधिकाऱ्याचा भत्ता एकाच टक्केवारीने निघतो. सात रस्ता किंवा भायखळ्याला भाड्याची जागा पाहणाऱ्याला आणि आधारवाडीला पाहणाऱ्याला मात्र दलाल एकच आकडा सांगत नाही.

महागाई भत्ता काय मोजतो आणि काय नाही

महागाई भत्ता आहे तर महाग शहराची भरपाई त्यातून होत असेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेली सध्याची मालिका ८८ केंद्रांतून किमती गोळा करते. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूर ही केंद्रे त्यात आहेत. गेल्या वर्षीपेक्षा यंदा किमती किती वाढल्या, एवढेच हा निर्देशांक सांगतो. सोलापूरपेक्षा मुंबईत जगणे किती महाग, हे सांगणे त्याचे कामच नाही. वाढ मोजणे वेगळे आणि पातळी मोजणे वेगळे. डोंगरावर आणि मैदानात दोन माणसे एकेक पायरी चढली तर चढ सारखा झाला, उंची नाही.

या निर्देशांकात घराचे वजन १६.८७ टक्के आणि खाद्यपदार्थ व पेयांचे ३९.१७ टक्के आहे. देशभरच्या कामगार कुटुंबांची ती सरासरी आहे. मुंबईत बाजारभावाने भाडे भरणाऱ्या घरात पगाराचा घरावर जाणारा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. तूरडाळ, गोडेतेल, साबण, शाळेच्या वह्या यांच्या किमती शहराशहरांत थोड्याफार इकडेतिकडे असतात. खरी दरी पडते ती छपरापाशी. शहरे तुलनेला घेतली की प्रश्न फिरून घरावरच येतो तो यामुळे.

हिशेब मांडून पाहू

समजायला सोपे जावे म्हणून एक गोल आकडा धरू. मूळ वेतन ५० हजार. महागाई भत्ता ५० टक्के, म्हणजे २५ हजार. अंशदान ७,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा. आयकर, वाहतूक भत्ता आणि किरकोळ बाबी बाजूला ठेवू. भाड्याचे आकडेही मी उदाहरणादाखल धरले आहेत, वाचकाने आपल्या गावचा आकडा घालून पाहावा.

मुंबईत घरभाडे भत्ता १५ हजार, हातात ८२,३००. कारागृहाच्या जवळपास ३५ हजार भाड्याची जागा घेतली तर उरले ४७,३००.

अमरावतीत भत्ता १० हजार, हातात ७७,३००. भाडे १० हजार धरले तर उरले ६७,३००.

बुलढाण्यासारख्या झेड वर्गातल्या गावी भत्ता ५ हजार, हातात ७२,३००. भाडे ७ हजार धरले तर उरले ६५,३००.

पगारपत्रकात पहिला क्रमांक मुंबईचा. भाडे दिल्यावर मुंबई शेवटी, आणि अंतर महिना १८ ते २० हजारांचे. भत्ते धरून मुंबईचा एकूण पगार बुलढाण्यापेक्षा जेमतेम साडेबारा टक्क्यांनी जास्त आहे. दोन शहरांतल्या भाड्यांमधले अंतर तेवढ्यावर थांबत नाही हे कुणालाही सांगता येईल.

आता याच मुंबईत ज्याला सरकारी क्वार्टर मिळाली, त्याचे पाहू. त्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. हातात येतात ६७,३००, आणि भाडे द्यायचे नाही. हा आकडा अमरावतीत भाड्याने राहणाऱ्याच्या आकड्याइतकाच आला. म्हणजे क्वार्टरने मुंबई आणि अमरावतीमधली तफावत पुसून टाकली. उलट एकाच कारागृहात, एकाच पदावर, शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांत महिना २० हजारांचा फरक पडला, कारण एकाचे नाव क्वार्टरच्या यादीत वर होते आणि दुसऱ्याचे खाली.

या साऱ्या आकडेमोडीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. शहरांची क्रमवारी लावत बसण्यापेक्षा क्वार्टर आहे की नाही हे विचारावे. तुरुंगाधिकाऱ्याच्या पगाराची खरी किंमत त्या उत्तराने ठरते.

तिसरी वाट माझ्या स्नेह्यांनी घेतलेली. बदलापूरला १० हजारांत जागा, भत्ता तोच १५ हजार, आणि उरतात ७२,३००. कागदावर हा अमरावतीपेक्षाही चांगला व्यवहार आहे. पण पहाटेची लोकल, दादर किंवा भायखळ्याची गर्दी, रात्रीची परतीची गाडी हे धरून रोजचे तीन तास जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८ तास, जवळजवळ दहा दिवसांच्या ड्यूटीएवढे. शिवाय लोकलचा पास, बाहेरचा चहानाश्ता, आणि अमरावतीत कधी लागली नव्हती ती मुलांची शिकवणी, कारण घरी अभ्यास घ्यायला वडील जागे नसतात. वहिनींच्या आर.डी.चे पैसे असे एकेक करून गेले. काही पैसे प्रवासात गेले, उरलेले वेळेच्या बदल्यात द्यावे लागले.

इतर देशांनी काय केले?

या प्रश्नाचा बराच कागदी अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिथल्या कामगार सांख्यिकी खात्याच्या यादीत तुरुंग कर्मचाऱ्यांचे पहिल्या फळीतले पर्यवेक्षक हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यांची वेतने राज्यवार, महानगरवार प्रसिद्ध होतात. जोडीला आर्थिक विश्लेषण खाते प्रादेशिक किंमत पातळी काढते. देशाची सरासरी १०० धरली तर कॅलिफोर्निया ११२ ते ११३ च्या आसपास येते आणि मिसिसिपी ८७ च्या आसपास. पगाराला या आकड्याने भागून १०० ने गुणले की दोन गावांचे पगार एका तराजूत येतात. तिथेही वस्तूंच्या किमतीतला फरक लहान आणि घरभाड्यातला मोठा असतो.

केंद्रीय तुरुंगांतल्या पर्यवेक्षकाला तिथे लेफ्टनंट म्हणतात. त्याची श्रेणी ९ किंवा ११ असते. श्रेणी ११ चे २०२४ मधले सुरुवातीचे मूळ वेतन वर्षाला ६२,१०७ डॉलर होते. १९९० च्या कायद्याने त्यावर स्थानिक वेतनवाढ मिळते. त्या वर्षी ती सॅन फ्रान्सिस्को परिसरात ४५.४१ टक्के होती, आणि ज्या भागांसाठी वेगळा दर नाही तिथे १६.८२ टक्के. म्हणजे एकाला ९०,३१० डॉलर आणि मिसिसिपीतल्या याझू सिटीसारख्या ठिकाणच्या दुसऱ्याला सुमारे ७२,५५०. आता किंमत पातळीने भागू. सॅन फ्रान्सिस्कोची पातळी ११८ धरली तर पहिल्याचे ७६,५०० होतात. मिसिसिपीची ८७ धरली तर दुसऱ्याचे ८३,४००. एवढी मोठी वाढ देऊनही महागड्या शहरातला माणूस मागेच राहतो. याचे कारण असे की तिथली स्थानिक वाढ त्या भागातल्या खासगी नोकऱ्यांच्या वेतनाशी बरोबरी साधण्यासाठी आहे. राहणीच्या खर्चाची भरपाई हा तिचा हेतू नाही. तरीही दोन टोकांतले अंतर साडेचोवीस टक्के आहे. आपल्या उदाहरणात ते साडेबारा आले होते.

कॅलिफोर्निया राज्याची स्वतःची कारागृहे महाराष्ट्राच्या अधिक जवळची वाटतात. तिथे वेतनश्रेणी जवळजवळ राज्यभर एकच आहे. १८५२ पासून चालत आलेले सॅन क्वेंटिन मरीन परगण्यात, समुद्राकाठी, देशातल्या अतिमहाग वस्तीत आहे. पेलिकन बे राज्याच्या पार उत्तर टोकाला, लहानशा गावाजवळ. पद एक, पगार जवळपास एक, आणि भाड्यात जमीन-अस्मानाचा फरक. सॅन क्वेंटिनचे कित्येक कर्मचारी तासन्‌तास गाडी चालवून कामावर येतात. तिथल्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी काही घरे आहेत, आणि त्या घरांचे मोल पगाराच्या कुठल्याही ओळीत दिसत नाही. आर्थर रोड आणि अमरावतीची हीच कथा, फक्त समुद्र दुसरा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तुरुंग कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी २००१ पासून स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळ आहे. वेतनाचे तीन विभाग आहेत: अंतर्गत लंडन, बाह्य लंडन आणि उर्वरित देश. पण रेघ कुठेही ओढली तरी रेघेपलीकडचे गाव तक्रार करतेच. लंडनच्या आसपासचे तुरुंग महागड्या पट्ट्यात असूनही उर्वरित देशाच्या दराने पगार देत होते आणि तिथे माणसे टिकेनात. अखेर २०१७ मध्ये लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधल्या ३१ तुरुंगांसाठी वर्षाला ३ ते ५ हजार पौंडांचा जादा भत्ता द्यावा लागला. यातून एक धडा घेण्याजोगा आहे. त्यांनी शेवटी शहर सोडून तुरुंग हे एकक धरले. जिथे माणसे टिकत नाहीत त्या तुरुंगाचे नाव घेऊन उपाय केला.

भिंतीआडचा बोजा

पगाराची तुलना करताना त्या पगारात काम किती, हेही पाहायला हवे. आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता ८०४ असताना तिथे ३ हजारांवर बंदी राहिलेले आहेत. १८७१ मध्ये उभ्या राहिलेल्या येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आतली, आणि बंद्यांची संख्या ६ हजारांच्या पुढे गेलेली आहे. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने दर सहा बंद्यांमागे एक पहारा कर्मचारी असावा असे म्हटले आहे. महाग शहरांतली हीच कारागृहे सर्वांत गच्च भरलेली आहेत. म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या हातात महिनाअखेर सर्वांत कमी उरते, त्याच्याच अंगावर सर्वांत मोठी बराक असते.

न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने १९८३ मध्ये कारागृह कर्मचाऱ्यांचे वेतन पोलिसांच्या बरोबरीने असावे, अशी शिफारस केली होती. कारागृह हा राज्यसूचीतला विषय असल्याने ती कितपत पाळायची हे राज्यागणिक ठरत गेले. बरोबरीची ही चर्चा वेतनश्रेणीभोवती फिरली. श्रेणी समान झाली तरी पोलीस वसाहतीतल्या खोल्या आणि कारागृह वसाहतीतल्या खोल्या यांची संख्या समान होत नाही, ही बाब मागे पडली.

बदल्यांचा भाग वेगळाच. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा. दर तीन वर्षांनी अधिकाऱ्याच्या खऱ्या पगारात चढउतार होतो, आणि त्यात त्याच्या कामाचा काही संबंध नसतो. मुलगी दहावीत असली की कुटुंब मागे ठेवावे लागते. मग दोन गावांत दोन चुली पेटतात आणि भत्ता एकाच चुलीचा मिळतो.

करता येण्याजोगे

पहिले काम क्वार्टरचे. मुंबई, ठाणे, तळोजा आणि येरवडा इथे कारागृहाला लागून किंवा चालत जाण्याच्या अंतरावर पुरेशी निवासस्थाने झाली, तर वेतनवाढ न देताही अधिकाऱ्याच्या हातात महिना वीसेक हजार जास्त उरतील. शिवाय बराकीत काही घडले तर तो दहा मिनिटांत हजर असेल. बांधकामाचा खर्च एकदा होतो, त्याचा फायदा पुढच्या दोन पिढ्यांच्या अधिकाऱ्यांना मिळतो.

दुसरे, क्वार्टर मिळेपर्यंतचा भत्ता त्या भागातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडावा. भाडेकरार नोंदवले जातात, त्यामुळे कोणत्या भागात काय भाडे चालते याची माहिती सरकारदरबारी आहेच. बृहन्मुंबईला एकच दर लावण्याऐवजी कारागृहाच्या परिसरानुसार दर ठरवता येतो.

तिसरे, शहरांची वर्गवारी जनगणनेवर टांगून ठेवू नये. किमतींची पातळी मोजणारा जिल्हावार निर्देशांक राज्याने काढला, तर त्याचा उपयोग तुरुंगाधिकाऱ्याइतकाच शिक्षकाला, परिचारिकेला आणि तलाठ्यालाही होईल. आठवा केंद्रीय वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली काम करतो आहे. केंद्राने केलेले राज्य मागाहून स्वीकारते, हा आपला शिरस्ता. घरभाड्याचे सूत्र बदलायचे असेल तर ते मांडण्याची वेळ आत्ताच आहे.

हे सारे एका नोकरवर्गाच्या सोयीसाठी मागतो आहे असे कुणी समजू नये. तुरुंगातली बहुतेक माणसे कच्चे कैदी असतात, निकालाची वाट पाहणारी. त्यांची औषधे, त्यांच्या मुलाखती, त्यांचे वकीलपत्र, त्यांचा जीव ज्याच्या हाती असतो, तो माणूस पहाटे साडेचारला उठून, उभ्याने लोकलचा प्रवास करून ड्यूटीवर आलेला आहे की रात्रभर झोपून, चालत आलेला आहे, याने त्या बराकीतला दिवस बदलतो.

त्या रात्री निघताना मी वहिनींना हिशेबाचा कागद दाखवला. ३५ हजारांचे भाडे, अमरावतीचे ६७,३००, क्वार्टरचे ६७,३००, बदलापूरचे ७२,३००. त्यांनी तो नीट वाचला आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. "हे बरोबर आहे भाऊजी. फक्त यात ते घरी किती वाजता येतात ते लिहा." मी खिशातले पेन काढून ७२,३०० च्या पुढे लिहिले: रात्री साडेदहा.